सगळ्यांना बसणारा कोट

मुलांनो, जरा माझ्याबरोबर एक भिंत डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटायला नकोत, उघडे ठेवलेत तरी चालेल. फिकट हिरवी भिंत आहे, रंग कुठे कुठे फुगलेला. तिच्यावर घड्याळ आहे, घड्याळाशेजारी कॅलेंडर, आणि त्यांच्या वर, थोडी पुढे झुकलेली, तुमच्या आजोबांची तसबीर. त्यांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही. ते मात्र तुम्ही खोलीत कुठेही उभे राहिलात तरी तुमच्याकडेच बघतात. आता कल्पना करा, एके दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून बाहेर आलात, आणि आजोबांच्या खाली, कपाटावर, आणखी एक तसबीर उभी आहे. सोनेरी पट्टीची, अगदी तशीच. तिच्या काचेवर, कपाळाच्या जागी, ओलं गंध लावलेलं आहे. वरच्या कडेला तगरीचं फूल खोचलेलं आहे. आणि आतला चेहरा तुमचा आहे. काय कराल? घाबरलेला माणूस ओरडतो असं आपल्याला वाटतं. विनीत ओरडला नाही. घोडपदेवच्या त्या चाळीतल्या खोलीत, कमरेला टॉवेल गुंडाळून, केसांतून पाणी निथळत, तो नुसता उभा राहिला. हलला नाही. आणि आपण हलत नाही आहोत हे ध्यानात आलं तेव्हा त्याला खरी भीती वाटली.

"आये," तो शेवटी म्हणाला, "ह्या काय केलंस?"

त्याची आई शांता खाटेवर बसून फुलांच्या परडीत बोटं फिरवत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोजची पूजा ती हातांनीच करायची. देवाच्या मूर्ती तिला बोटांनी ओळखू यायच्या, आणि नवऱ्याची तसबीर तिच्या सोनेरी पट्टीवरून. "काय केलंय? तुझ्या बापाशीक फूल घातलंय. रोज घालतंय ता." मग थोडं थांबून, परडीत बघितल्यासारखं करून ती म्हणाली, "आज ते माका वायच जवळ इल्यासारखे दिसले."

विनीतने फूल उचललं. ते हातात घेतल्यावर कळलं, की आता ते कुठे ठेवायचं हे आपल्याला माहीत नाही. तसबिरीवरचं फूल केरात टाकत नाहीत. देवाला वाहत नाहीत. खिशात ठेवावं तर टॉवेलला खिसा नाही. त्याने ते लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवलं. त्याच लॅपटॉपवर अकरा वाजता एक फोन यायचा होता, चेहरा दाखवून बोलायचा फोन. लोअर परळच्या एका कंपनीला परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद सांभाळणारा माणूस हवा होता. विनीतची नोकरी गेल्यापासून त्याला कोणीतरी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. हा फोन नीट झाला नाही तर दुसरा येईल असं त्याला वाटत नव्हतं. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला फोन येतात ते कर्ज हवंय का विचारायला. रुपाली, त्याची बायको, परळच्या लॅबमध्ये पहाटेच्या पाळीला गेली होती. जाताना म्हणाली होती, "नीट बस, सरळ बस. आणि त्या फोटोतल्यासारखा दिस जरा." ती हसत म्हणाली होती. आता ते वाक्य त्याच्या कानात वेगळंच वाजत होतं.

तो फोटो नोकरीसाठीच काढलेला होता. नोकरी गेली त्या सकाळी दाराजवळ त्याने गळ्यातलं कार्ड यंत्राला लावलं तेव्हा रोजचा हिरवा दिवा लागला नाही, एवढंच झालं होतं. त्याने पुन्हा लावलं. शर्टाला पुसून लावलं. मागे उभी असलेली मुलगी, कालपरवा कामाला लागलेली, म्हणाली, "सर, मी उघडते," आणि तिच्या कार्डावर तो आत गेला, दुसऱ्याच्या नावाने. तो बीप न झालेला आवाज त्याला अजून ऐकू यायचा. चाळीत कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळी गॅलरीतून कोणी "काय रे, आज सुट्टी?" विचारू नये म्हणून तो पूर्वीच्याच वेळी, पूर्वीचीच बॅग घेऊन निघायचा आणि बस पकडून शिवाजी पार्कला जाऊन कट्ट्यावर बसायचा. समोर पोरं नेटमध्ये बॅटिंग करत. बॅटचा टक्क असा आवाज आला की त्याला बरं वाटायचं. कोणीतरी काहीतरी नीट मारलं. तिथेच त्याला शामराव भेटले. मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याचं काम करून निवृत्त झालेले, पांढरे बूट घालून फेऱ्या मारणारे, आणि कट्ट्यावर बॅग घेऊन बसलेला माणूस लांबून ओळखणारे. तिसऱ्या फेरीला ते त्याच्यापुढे थांबले. "बॅगेत डबा आहे का?" विनीत दचकला. "आहे ना? मग खा. आणि तुमचं ते प्रोफाइल दाखवा."

प्रोफाइल म्हणजे काय हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेलच. नोकरी शोधणारी माणसं एका साइटवर आपलं एक पान लावतात. वर फोटो, त्याखाली आपण कोण ते एका ओळीत, मग काय काय केलं ते. नोकरी देणारे येऊन बघतात आणि कोणी बघितलं तेही तुम्हाला कळतं. विनीतच्या पानावर नावाखाली लिहिलं होतं, 'एक्स्पोर्टचे कागद बघतो.' शामराव डोळ्यांवरचा चष्मा वर करून हसले. "बघतो? अहो, कागद शिपाईही बघतो. तुम्ही काय करता?"

"म्हणजे... माल जातो, त्याचे कागद..."

"माल कधी अडकला होता का?"

"अडकतोच."

"एखादा सांगा. मला सांगा, पार्कातल्या म्हाताऱ्याला. मी तुम्हाला नोकरी देणार नाहीये, घाबरू नका."

तेव्हा विनीतने आमरसाच्या थंड कंटेनरची गोष्ट सांगितली. बंदराबाहेरच्या यार्डात कंटेनर उभा होता आणि कोणीतरी त्याचा विजेचा प्लग काढून ठेवला होता, दुसऱ्याचा लावायला. कागद सगळे बरोबर, सह्या बरोबर, आणि आत आमरस हळूहळू तापत चाललेला. फोन करून कोणी ऐकेना म्हणून विनीत स्वतः गेला, फाटकावरच्या माणसाशी भांडला, मग त्याला चहा पाजला, आणि प्लग परत लागून मोटर घरघरू लागेपर्यंत कंटेनरच्या पत्र्याला हात लावून उभा राहिला. पत्रा गार झाला तेव्हा घरी आला. हे सांगताना त्याचा हात आपोआप पुढे गेला होता, पंजा उघडून, पत्र्यावर ठेवल्यासारखा. शामराव त्या हाताकडे बघत होते. "हे लिहा," ते म्हणाले. "असंच. आणि फोटो बदला. हा लग्नातला कापलेला दिसतोय, खांद्यावर कोणाचा तरी हात आहे. साधी पार्श्वभूमी, स्वच्छ चेहरा. आणि सगळीकडे एकच चेहरा असू दे. लोकांना ओळख पटते."

घरी आल्यावर मात्र विनीतला लिहिता येईना. पत्र्यावर हात ठेवला, हे काय लिहायचं? मोठ्या कंपन्यांची माणसं हसतील. त्याने फोनला सांगितलं, तू लिही. आजकाल फोन लिहून देतो. फोनने क्षणात लिहून दिलं, आणि ते इतकं गुळगुळीत होतं की विनीत वाचता वाचता त्याच्यावरून घसरून खाली आला. दूरदृष्टी असलेला नेता. परिणामांसाठी झपाटलेला. बदल घडवून आणणारा. कोण होता हा? पण माणूस भारी वाटत होता, आणि आपण भारी नव्हतो म्हणूनच तर घरी बसलो होतो. त्याने ते सगळं लावलं. दुसऱ्या दिवशी शामरावांनी वाचलं आणि मोबाइल परत देत म्हणाले, "कपडे छान आहेत. आत कोण आहे?" विनीतला राग आला. पण घरी जाऊन त्याने सगळ्यात खाली, जिथे कोणी जात नाही तिथे, एक ओळ घातली: 'बंदरावर बंद पडलेला थंड कंटेनर स्वतः उभं राहून चालू करून घेतला, माल वाचला.' घातली आणि लगेच वाटलं, काढावी. पण काढली नाही, राहिली.

आणि फोटोसाठी तो भोईवाड्याला हितेंद्रच्या स्टुडिओत गेला. दुसरीकडे कुठे जाणार? चाळीतले सगळे तिथेच जात, आधी हितेंद्रच्या वडिलांकडे, तात्यांकडे, आता हितेंद्रकडे. "कोट नाही आणला," विनीत म्हणाला होता. "कोट कशाला आणायचा, दादा? आत आहे," हितेंद्रने कॉम्प्युटरवर टिचकी मारली. "लेटेस्टपण आहेत दोन-तीन, पण मी सांगू का, हाच लावा. जुना माल आहे. कोणालाही बसतो. आजपर्यंत एकाने तक्रार केली नाही." आणि हसला. विनीतला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ कळला नाही. पडद्यावर त्याची मान कापली गेली आणि सरकत सरकत काळ्या कोटावर जाऊन बसली. पट्ट्यापट्ट्यांचा टाय. निळी पार्श्वभूमी. क्षणभर त्याला स्वतःचा अभिमान वाटला. निघताना हितेंद्रने मोबाइलवर फोटो पाठवला आणि शिवाय काउंटरखालून तोच फोटो घातलेली फ्रेम काढून हातात ठेवली, सोनेरी पट्टीची, मोठी. "अरे, मला फ्रेम नको होती."

"नको? सॉरी, सवय झालीये. ह्या कोटाबरोबर फ्रेम असतेच. असू दे, घेऊन जा, काढली तर फुकट जाईल."

घरी त्याने ती कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवली. काल पुसताना रुपालीने फिरवली. "नवऱ्याचं तोंड भिंतीकडे कशाला? शिक्षा आहे का?" म्हणाली. असं ते फूल त्याच्यापर्यंत आलं होतं.

"उरलेली फुला कौसल्याक दी," आई म्हणाली. हेही रोजचंच. शांताच्या माहेरचा कोणी भायखळ्याच्या बाजारातून फुलं आणून द्यायचा, आणि परडीतली उरलेली शेजारी जायची. विनीतने शर्ट घातला, गंध पुसण्यासाठी काचेवर अंगठा नेला आणि अंगठा काचेपासून थोडा लांबच थांबला. स्वतःच्या कपाळावरचं गंध पुसणं बरं की न पुसणं बरं? त्याने ते तसंच ठेवलं. परडी घेऊन तो गॅलरीत आला. सकाळच्या गॅलरीला फोडणीचा आणि ओल्या कपड्यांचा वास होता. कौसल्याकाकूंचं दार उघडंच. समोरच्या भिंतीवर काका. गेले त्याला खूप वर्षं झाली. विनीत कितीदा या दारात उभा राहिला असेल, आणि कितीदा काकांकडे बघितलं असेल, पण आज त्याची नजर चेहऱ्यावर गेलीच नाही. ती सरळ गळ्याशी गेली. काळा कोट. पट्ट्यापट्ट्यांचा टाय. टायची गाठ मध्यावर नव्हती. किंचित डावीकडे सरकलेली होती, जणू कोणी आतून मान वळवली होती.

"काय बघतोस रे असा?" काकू पदराला हात पुसत आल्या. "शोभतात ना? जन्मभर गंजीवर बसायचे बघ ह्या दारात. लुंगी आणि गंजी. मी ओरडायचे, अहो, पाव्हणे येतील. मेले आणि साहेब झाले." त्या खळखळून हसल्या. फुलं घेताना त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू थांबवलं. "तुला बरं नाही का? कामावर नाही गेलास?"

"जातो आता," विनीत म्हणाला.

पुढच्या दारांतून त्याने आत बघितलं नाही. तरी दिसलंच. पाणी भरायच्या पिंपावर, टीव्हीच्या वर, ट्यूबलाइटच्या खाली, काळा कोट, डावीकडची गाठ. वेगवेगळे चेहरे, मिशा, टक्कल, एक तर फक्त तरुण मुलगा. सगळे त्याच खांद्यांवर ठेवलेले. गॅलरीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याच्या पाठीत काहीतरी टोचायला लागलं होतं, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, बारीक आणि टोकदार. हात मागे नेला तर तिथे काही नव्हतं. आणि मग त्याला आठवलं. म्हणजे विसरला कधी नव्हताच, पण आठवणं म्हणजे काय ते आज कळलं.

तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. वडील, कुशाबा, गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मिल गेल्यानंतर मिळेल ते काम करणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढणार? गणपती मंडळाचा एक ग्रुप फोटो होता, ढोलावर हात ठेवून बसलेले, अंगात गंजी, घामाने चिकटलेली. आई तो घेऊन आणि विनीतचं मनगट धरून भोईवाड्याला गेली. तात्यांनी फोटो हातात घेतला, दिव्याखाली धरला, आणि काही न बोलता कात्रीने कुशाबाचं डोकं कापून काढलं. छोटंसं डोकं टेबलावर ठेवलं. विनीतला ते घ्यावंसं वाटलं, मुठीत झाकावंसं वाटलं, पंख्याच्या वाऱ्याने उडून जाईल म्हणून. "चेहरा झाला," तात्या म्हणाले, "आता खांदे." त्यांच्याकडची कोटाची जुनी निगेटिव्ह दमट हवेने बुरशी येऊन गेली होती. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, मग विनीतकडे. "पोराचेच घेतो, वहिनी. बापाची ठेवण आहे. मोठे करता येतात." स्टुलावर उभं करून त्याला मोठ्या माणसाचा कोट घातला. आतून जुन्या कागदांचे बोळे कोंबले, खांदे भरायला. पाठीमागे कोट गोळा करून टाचण्या लावल्या. रबराचा टाय डोक्यावरून घातला. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. "हलायचं नाही," तात्या काळ्या कापडाखालून म्हणाले. "हललास तर बाबा हलतील." तो हलला नाही. श्वासही घेतला नाही. मग पाठीत टाचणी टोचली आणि मान एवढीशी वळली, आणि तेवढ्यात दिवा लखकन चमकला.

आठ दिवसांनी वडील भिंतीवर आले, कोट घालून. आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "कसे बरे दिसतत." विनीतला भिंतीकडे बघवेना. गळ्यापर्यंत तो होता. वरती ते. बाकी त्या खांद्यांवर तात्यांनी पुढे कोणाकोणाला बसवलं हे त्याला आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. हितेंद्रने कधीतरी ते खांदे कॉम्प्युटरमध्ये घातले असणार. इतकी वर्षं चाळीतल्या मेलेल्या पुरुषांना तो खांद्यावर घेऊन उभा होता, न हलता, फक्त डोकं तेवढं बाहेर राहिलं होतं. तेही आता आत गेलं. आणि गंमत म्हणजे आपण स्वतः, आपल्या पायांनी चालत जाऊन, ते बसवून घेतलं. त्याला वाटलं, त्या साइटवर जो कोणी आपल्याला बघून गेला त्याने हेच बघितलं असेल. दूरदृष्टी असलेला नेता, काळा कोट, टाय डावीकडे. त्या कंपनीने त्याला बोलावलंय. मग अकरा वाजता तिथे कोण बोलणार?

घरात आला तेव्हा अक्षदा उठली होती. त्याची मुलगी, तिची शाळा दुपारची, आणि वय तेव्हाच्या त्याच्याएवढं. ती कपाटासमोर उभी राहून दोन्ही तसबिरी बघत होती, वरची, खालची, पुन्हा वरची. विनीतला ओरडायचं होतं, तिथून बाजूला हो.

"बाबा, तू आजोबांचा कोट घातलायस?"

"तो आजोबांचा नाही."

"मग टाय पण वाकडा कसा सेम?" ती टाचा उंचावून म्हणाली. "आजीने तुला गंध लावलंय. आजी, बाबा मेला नाहीये गं!"

"कोण मेला?" शांता खाटेवरून दचकून म्हणाली. "झिला, काय म्हणता ही पोरगी?" आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरत गेलं. तिने हात पुढे केला, हवेत चाचपडत, विनीतचा चेहरा शोधत. तो पुढे झाला. तिची गंध लागलेली बोटं त्याच्या गालावरून, नाकावरून, मानेपर्यंत आली, आणि थांबली. "अरे देवा. माज्या हातान," ती म्हणाली. एवढंच. मग ती देवाकडे तोंड करून पुटपुटत बसली, आणि तिचं ते पुटपुटणं विनीतला फुलापेक्षाही जास्त भयंकर वाटलं.

अक्षदाला त्याने सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, रुपालीलाही कधी सांगितलं नव्हतं. स्टूल, बोळे, टाचण्या, वास, सगळं. मुलं गोष्ट ऐकताना तोंड उघडं टाकतात, तशी तिने ऐकली. मग म्हणाली, "म्हणजे आजोबांच्या आत तू आहेस? लहान?"

"हो."

"अजून?"

त्याचा हात पाठीमागे, टोचत होतं तिथे गेला.

"आणि तात्याआजोबा म्हणाले, हलू नको, म्हणून तू हललाच नाहीस?"

"हललो थोडा. म्हणून तर टाय वाकडा."

"मग तेवढंच चांगलं झालं," अक्षदा म्हणाली, आणि दात घासायला गेली.

अकराला थोडा वेळ असताना त्याने लॅपटॉप उघडला. टेबल भिंतीकडे होतं ते फिरवलं, म्हणजे मागे साधी भिंत येईल, तसबिरी समोर राहतील. शर्टाचं वरचं बटण लावलं. आईला सांगितलं, आवाज करू नको. अक्षदाला समोर भिंतीपाशी उभं केलं. "तिथे थांब. मी बोलत असेपर्यंत हलायचं नाही." शब्द तोंडातून गेल्यावर त्याला तोंडात डांबराच्या गोळ्यांची चव आली. अक्षदाने हात मांड्यांना चिकटवले आणि ती उभी राहिली, आजोबांच्या बरोब्बर खाली. वर ते, मध्ये तसबिरीतला तो, खाली ती. एकाखाली एक. फोन वाजला. त्याने बटण दाबलं.

"गुड मॉर्निंग विनीत सर, मी रश्मी बोलतेय." चष्मा लावलेली बाई, मागे काचेची खोली, तिच्याकडे चहाचा कप. "आवाज येतोय ना?"

"येतोय, मॅडम."

"तुम्ही दिसत नाही आहात. कॅमेरा बंद असेल. फोटो दिसतोय फक्त."

आणि विनीतला पडद्याच्या कोपऱ्यात तो दिसला. निळ्या पार्श्वभूमीवर, काळ्या कोटात. सगळीकडे एकच चेहरा असू दे. विनीत बोलला की त्या फोटोभोवती एक बारीक हिरवी रेघ उजळायची, गप्प झाला की विझायची. "हो मॅडम," तो म्हणाला, आणि रेघ उजळली. फोटो बोलत होता. त्याने हात उचलायचं ठरवलं. कॅमेऱ्याचं चिन्ह खालीच होतं, एक टिचकी, बस. हात मांडीवर होता. हात मांडीवरच राहिला. पाठीत टोचायला लागलं. हललास तर बाबा हलतील. टेबलावरच्या फुलाच्या पाकळ्या कडेने तपकिरी व्हायला लागल्या होत्या. समोर वडील बघत होते, खाली तो स्वतः बघत होता, कपाळाचं गंध आता वाळलं होतं. त्याला स्पष्ट कळलं की कॅमेरा लावला तर आत कोट नसेल, खुर्चीवर कोणीच नसेल, नुसती भिंत असेल.

"सर?" रश्मी म्हणाली. "काही हरकत नाही, तोवर बोलू या. खरं सांगू? प्रोफाइल वाचून मी बंदच करणार होते. सगळे असंच लिहितात, नेता, बदल, वगैरे. पण सगळ्यात खाली एक ओळ आहे, थंड कंटेनरची. आमच्याकडे गेल्या महिन्यात हेच झालं आणि कोणी जागेवर गेलंच नाही. तुम्ही गेला होतात? नक्की काय केलंत? मला ते ऐकायचंय." तिने कप खाली ठेवला आणि ती वाट बघू लागली. "सर, आहात ना?"

आहात ना. इतका साधा प्रश्न. हिरवी रेघ विझलेली होती. विनीतचं तोंड उघडलं होतं, आणि आत पत्रा होता, गरम, आणि त्याच्यावर ठेवायला हात नव्हता.

आता तुम्ही विचाराल, नोकरी मिळाली का? ते पुढचं पुढे. त्या वेळी त्या खोलीत हलू शकेल असं एकच माणूस होतं, आणि तिला हलू नको म्हणून सांगितलेलं होतं. तिने काय केलं, ते ऐका.

अक्षदा भिंतीपासून सुटली. अनवाणी पायांनी, आवाज न करता टेबलापर्यंत आली. पहिल्यांदा तिने ते फूल उचललं आणि आपल्या वेणीत खोचलं, कारण ते तिथे वाया चाललं होतं. मग बापाच्या हाताखालून आपला हात घालून तिने कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट दाबलं. पडद्यावरचा कोट गेला. त्याच्या जागी न विंचरलेल्या केसांचा, पांढऱ्या शर्टातला, गालावर आईच्या बोटांचं गंध लागलेला एक माणूस आला. अक्षदाने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, आणि ती परत आपल्या जागी गेली, आजोबांच्या खाली. हात मांड्यांना चिकटवले. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलासमोर नाचतात ना, तसे, तोंडातून एक शब्दही न काढता, बापाच्या डोळ्यांत बघत, तिने आपले खांदे उडवायला सुरुवात केली. आधी डावा. मग उजवा. मग दोन्ही.